जाताना तीन, येताना चार

१० जून २०१२, रविवार
डायरी सुरू. विम्याच्या एजंटने जानेवारीत दिली होती, जूनपर्यंत आईच्या औषधांखाली दबून होती. नियम असे : थोडक्यात लिहायचं आणि खरं लिहायचं. वाचणारा कोणी नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.
निर्णय झाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत हिमांशु (अकरावी) आणि रेणू (नववी) यांना घेऊन डेल्फ्टला. देश हॉलंड, मुक्काम चार दिवस. २००३ मध्ये मी तिथे पाणी व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. आमच्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांवर माझा लेख छापून आला, तो वाचून बोलावलं. सगळ्या अर्जुनी तालुक्यातून मी एकटा. भूगोलाच्या प्राध्यापकाला याहून जास्त काय हवं?
उद्देश : मुलांचं शिक्षण. दुसरा कोणताही उद्देश नाही.

११ जून
कालची शेवटची ओळ तितकीशी बरोबर नाही.
मी डेल्फ्टला असतानाच बाबूजी गेले. तिकीट बदलून मिळेपर्यंत इकडे तेरावं आटोपलं होतं. आमच्याकडे दहाव्याच्या रात्री घरात पीठ पसरून वर टोपली झाकतात, शेजारी दिवा ठेवतात. सकाळी पिठावर काहीतरी खूण दिसते. पाखराचा पाय, मुंगीची रेघ, काहीही चालतं. खूण दिसली की समजायचं, माणूस घरी येऊन गेला. बाबूजींचं पीठ कोरंच राहिलं. मी पोचलो तेव्हा आई रडत म्हणाली, "धनू, तुलेच पाहाले गेले असतीन तिकडं. शेवटी तुहंच नाव घेऊन राहिले होते."
मी विज्ञानवादी माणूस आहे. तालुक्यातल्या शाळांमधून अंधश्रद्धेवर माझी भाषणं होतात. पीठ कोरं राहण्याची कारणं पुष्कळ असू शकतात. टोपली घट्ट बसली असेल.
पण बाबूजी नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. गोंदिया स्टेशनवरसुद्धा चुकायचे. अंगात बंडी, खाली धोतर. डेल्फ्टच्या लोकांना मराठी येत नाही, आणि ऑक्टोबरपासून तिथे बोचरी थंडी सुरू होते.
हे केवळ हवामानाची नोंद म्हणून लिहिलं.

२४ जून
धुरपताबाईकडे गेलो. गावातली सर्वांत जुनी बाई, मयताचे सगळे विधी तिला ठाऊक. लोकपरंपरांचं सर्वेक्षण करतो आहे असं सांगितलं. विचारलं, समजा एखाद्याचा जीव मुलाला शोधायला परगावी गेला आणि तिथेच अडकला, तर काय करतात? कोणाचा, म्हणून तिने विचारलं. म्हटलं, कोणाचाच नाही, समजा.
उत्तर मिळालं. ज्याला शोधायला गेला त्यानेच त्या गावी जायचं. पाण्याच्या काठी उभं राहून हाक मारायची, "चला घरी" म्हणायचं. तिथलं थोडं पाणी आणून आपल्या तलावात सोडायचं. परतताना मागे वळून बघायचं नाही. वाटेत नदी-नाला आला की सांगायचं, "पाणी आलं, सांभाळून या." आणि नातवंडं पुढे चालली पाहिजेत. "म्हातारा पोराच्या मांगं येत नाही," म्हणाली, "नातवाच्या मांगं येते."
निव्वळ शास्त्रीय कुतूहल. तरी लगेच लिहून ठेवलं.

८ जुलै
मुलांना सहलीचं सांगितलं. अपेक्षा होती, उड्या मारतील. हिमांशुने विचारलं तिथे मोठं फुटबॉल स्टेडियम आहे का. रेणूने विचारलं पॅरिस किती लांब. मी माझा कार्यक्रम वाचून दाखवला. पहिला दिवस : कालवा. दुसरा दिवस : पाऊस नसेल तर कालवा. तिसरा दिवस : तोच कालवा, समोरच्या बाजूने. चौथा दिवस राखीव.
दुर्गेश्वरीने, म्हणजे बायकोने, भांडी घासता घासता विचारलं, "त्या गावात दुसरं काहीच नाही का?" म्हटलं, असेल, पण खोलवर अभ्यास महत्त्वाचा. ती म्हणाली, मग आपल्याच तलावाच्या पाळीवर (बांधावर) चार दिवस बसवा पोरांना, पासपोर्टही लागणार नाही. तिला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. स्वतः बी.ए. आहे, तरी.

२३ जुलै
मोठा शोध लागला. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डेल्फ्टच्या चौकाचं थेट चित्र दिसतं. कोणत्यातरी दुकानदाराने कॅमेरा लावून ठेवला आहे. चौक, चर्च, सायकली, आणि कोपऱ्यात पुलाचा थोडा भाग. चित्र अडकत अडकत येतं.
बरोबर पुलाच्या टोकाला पांढरं काहीतरी उभं होतं. माणसाएवढं. हलत नव्हतं. तासिका सोडली. शेवटी एक बाई आली आणि तिने ते उचलून आत नेलं. हॉटेलची मिटलेली छत्री होती.
तासिका बुडाली त्याबद्दल प्राचार्य बोलले. त्यांना थेट भूगोल म्हणजे काय ते समजत नाही.
उद्यापासून कॅमेरा बघणार नाही.

२३ जुलै
बघितला. छत्री होती.

५ ऑगस्ट
आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली. गुडघे गेले आहेत. पण सकाळी ओसरीत बसून स्वतःशीच हसते. वयामुळे मेंदूत बदल होतात, त्यावर मी एकदा लेख वाचला होता.
आज म्हणाली, "तुहे बाबूजी म्हनते, पाळीले मोहाच्या झाडाखाली भोक पडलं हाय, पानी झिरपून राहिलं." अजून 'म्हनते' म्हणते, 'म्हनत होते' नाही. वाईट वाटलं. तिच्या समाधानासाठी पाळीवर जाऊन पाहिलं. भोक होतं. खेकड्यांनी पाडलेलं. मी वेळीच निरीक्षण केल्यामुळे तलाव वाचला, असं गावात सांगितलं.
एक गोष्ट लिहून ठेवतो, परत लिहिणार नाही. आई जाईल एक दिवस. ती जाईल आणि घरी बाबूजी नसतील तर? ती इकडे शोधणार, ते तिकडे. मधे दोन समुद्र. तिला तर मोरगावचा बाजारही आता चालवत नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण हे डोक्यातून जात नाही. त्यामुळे जे काही आहे ते याच दिवाळीत झालं पाहिजे.

२ सप्टेंबर
गोंदियाला नंदलालकडे. बाजारपेठेत त्याचं तिकिटांचं दुकान आहे, चार धाम आणि दुबई दोन्ही करतो. विचारलं, "सर, टिकट कितने?" मी विचारात होतो. तोंडातून निघालं, जाताना तीन, येताना चार.
नंदलाल पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, वहाँ कोई है क्या?" मी म्हटलं, हो. म्हणजे नाही. म्हणजे येताना बाजूची एक सीट रिकामी मिळाली तर बरं. तो म्हणाला, "समझ गया सर, मैं किसीको नहीं बोलूँगा."
तीनच तिकिटं काढली. तर्काने विचार केला तर ज्याला वजन नाही त्याला सीट कशाला? पण तेरा तास उभं राहायचं म्हणजे.

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. माझा सत्कार. श्रीफळ, शाल. स्टाफरूममध्ये सगळे शालीकडे बघून हसत होते. कारण समजलं नाही.

६ सप्टेंबर
कारण समजलं. भैय्यालाल पानठेलेवाल्याने सांगितलं. पुस्तोडे सर, म्हणजे मी, विलायतेहून गोरी बाई आणणार आहेत अशी बातमी आहे. गोंदियाहून आली, म्हणे.
दुर्गेश्वरी जेवण वाढते, बोलत नाही. खरं सांगावं तर नऊ वर्षांची भाषणं पाण्यात. अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस बापाला बाटलीत भरून आणायला चाललाय, हे एकदा बाहेर गेलं की संपलं. त्यापेक्षा गोरी बाई परवडली. अफवा आपोआप विरते.

१६ सप्टेंबर
विरली नाही. आज दुर्गेश्वरी दहा दिवसांनंतर पहिलं वाक्य बोलली. "रोज लॅबमध्ये बसून कोणाला पाहता?" कॉलेजच्या शिपायाने तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, छत्री. यावर ती माहेरी फोन लावून अर्धा तास रडली.

२३ सप्टेंबर
तांत्रिक अडचण. विमानात हातातल्या बॅगेत शंभर मिलीपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. मोठी न्यायची तर मोठ्या सामानात टाकावी लागेल. बाबूजींना सामानात टाकायचं? ते कधी एस.टी.च्या टपावरही बसले नाहीत. शंभर मिलीत भागेल का, हे धुरपताबाईला सर्वेक्षणाच्या निमित्ताने विचारलं. म्हणाली, ओंजळभर लागते. माझ्या ओंजळीत किती मावतं ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीने मोजून पाहिलं. साधारण जमतं. बाटली गरम पाण्याने धुतली. खोकल्याचा वास जात नाही. बाबूजींना खोकला होताच.

७ ऑक्टोबर
पितृपक्ष. बाबूजींचं पान ठेवलं. ठेवायच्या आधीच कावळा येऊन बसला, वडा उचलला, गेला. शेजारचे लोक कावळ्याला दुपारपर्यंत हाका मारत होते. आई म्हणाली, "त्यायले उडदाचा वडा पाह्यजेच."
कावळ्याला भूगोल कळत नाही. बाबूजी तिकडे असताना इकडचं पान शिवलं गेलं, यातच त्या प्रथेचा फोलपणा दिसतो. पुढच्या भाषणात वापरणार.
जेवलो नाही नीट.

२१ ऑक्टोबर
मोरगावच्या बाजारात रंगीत तालीम. मुलांना सांगितलं, परदेशी शहरात पायी कसं चालायचं त्याचा सराव. ती पुढे, मी मागे. मागे वळून न बघता पूर्ण बाजार. नाली आली की हळू आवाजात : "पाणी आलं, सांभाळून या." पहिल्या तीन नाल्या उत्तम. चौथीपाशी भैय्यालालने विचारलं, "सर, कोनासंग बोलून राहिले?" म्हटलं, ब्लूटूथ. तो माझ्या दोन्ही कानांकडे बघत राहिला.
रेणूने सगळं ऐकलं असावं. घरी येऊन दुर्गेश्वरीच्या कानात काहीतरी सांगितलं. ही मुलगी हल्ली माझ्यावर नजर ठेवते.

२ नोव्हेंबर
व्हिसा आला. तिघांचा.
घरात आनंद नाही. हिमांशु म्हणतो निघायच्या दिवशीच गावची मंडई आहे, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, रात्री नाटक आहे, सगळे मित्र असणार. युरोपला जायला मिळतंय आणि या मुलाला मंडईतली जिलेबी सुटत नाही! दुर्गेश्वरी म्हणते, मंडईला पाहुणे येणार, त्यांना काय सांगू, नवरा कुठे गेला? आई मात्र शांत. म्हणाली, "जाऊ दे त्याले. पोरायले दाखवू दे जग." तिला खरं कारण सांगावंसं फार वाटलं. सांगितलं नाही. काम फत्ते करूनच सांगेन. एका सकाळी पीठ पसरीन आणि तिला बोलावून दाखवीन. बस, तेवढंच पाहिजे मला.

१६ नोव्हेंबर
बॅग भरली. बाबूजींची घोंगडी तळाशी ठेवली. दुर्गेश्वरीने काढली, मी परत ठेवली. ती म्हणाली, "तिथं हॉटेलात पांघरूण देत नाही का?" म्हटलं, असू द्या जास्तीचं एक. तिचा चेहरा पडला. मला तेव्हा कळलं नाही, आता लिहिताना कळलं. उद्या निघताना समजूत घालीन.

१७ नोव्हेंबर
गाडीची घाई. राहून गेलं.

१८ नोव्हेंबर, डेल्फ्ट
पोचलो. काहीच बदललं नाही. कालव्याचं पाणी काळं आहे आणि हलत नाही, आपल्या तलावाला निदान लाटा येतात. पाऊस. मुलं झोपली.
खिडकीतून पूल दिसतो. नऊ वर्षं इथे. कुठे बसत असतील? दुकानाच्या पायऱ्या ओल्या आहेत. एक म्हातारा सायकलवरून गेला, पाठ अगदी तशीच. मी काचेवर हात मारला. त्याने वळून पाहिलं. वेगळाच होता.
उद्या नक्की.

१९ नोव्हेंबर
हिमांशु पहाटेच्या गाडीने स्टेडियम बघायला गेला. विचारलंही नाही, चिठ्ठी ठेवली. एक नातवंड कमी. अर्ध्या तयारीने हाक मारायची नाही असं ठरवलं. तरी कालव्यावर जाऊन आलो. हाक मारली नाही. "मी आलोय" एवढंच म्हटलं. ही हाक धरत नाहीत.
रेणू मागे उभी होती. मोबाईल माझ्याकडे धरून.

२० नोव्हेंबर
आज झालं.
दोघांना बटाट्याच्या काड्या घेऊन दिल्या, वर अंड्याचा पांढरा रस, आणि पुलावर उभं केलं, तोंड घराकडे म्हणजे पूर्वेकडे. म्हटलं, काही झालं तरी वळायचं नाही. मी खाली पायरीवर उतरलो. बाटली उघडली. हाक मारली. पहिली नीट निघाली नाही. दुसरी मोठ्याने मारली. "बाबूजी! चला घरी!" एक गोरी आजी कुत्र्यासह थांबली. माझा कुत्रा हरवला का, असं तिने विचारलं. कसा दिसतो म्हणाली, ती शोधू लागेल. मला रडू आलं. ती बिचारी खरंच शोधायला लागली.
मुलं वळलीच. रेणू खाली आली. तिने सांगून टाकलं. मम्मीने तिला पाठवलं होतं पाळतीवर, गोरी बाई कोण ते बघायला. आणि आता हे काय आहे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. पीठ, धुरपताबाई, बाटली, सगळं. उभ्या उभ्या. ती हसली नाही. म्हणाली, पण पप्पा, आजा तर घरीच आहे.
मला समजलं नाही. ती म्हणाली, तिला तो नेहमी स्वप्नात दिसतो. शाळेच्या फाटकाशी उभा असतो, जास्त करून पेपरच्या आधी. हिमांशु काडी खात म्हणाला, मलाही, पण तलावावर, मी पोहताना माझ्यावर ओरडतो. मी विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, पहिल्यापासून. मम्मीलाही दिसतो.
घरी फोन लावला. दुर्गेश्वरीने आधी रेणूकडून सगळं ऐकलं. मग मला म्हणाली, "मले तं सांगायचं असतं. मी काय खाल्लं असतं तुमाले?" आणि फोन आईकडे दिला.
आई म्हणाली, पीठ कोरं राहिलं त्यानंतर आठच दिवसांत बाबूजी तिच्या स्वप्नात आले होते. चपला ओल्या होत्या. तेव्हापासून येतातच. खेकड्याचं भोकही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस, नऊ वर्षं? ती म्हणाली, "तुले कोन सांगल? तू तं माइकवर बोलते, असं काही राहत नाही म्हनून. तुहे बाबूजीच म्हनले, धनूले नोको सांगू. तो हासल."
मी पायरीवर बसलो. पायरी ओली होती. नऊ वर्षं सगळ्यांकडे येतात, मला सोडून. आणि मी इथे.
आई म्हणाली, "आज आले तं काय सांगू?" पुष्कळ होतं. मागे ती आजी अजून झुडपांत वाकून शिट्टी वाजवत होती. मी म्हटलं, सांग, मी हसणार नाही. आई बरं म्हणाली आणि फोन ठेवला.
संध्याकाळी जेवलो. लवकर झोपतो. आज झोप लागायची नाही म्हणा, पण आडवा होतो. लागलीच तर बरंच आहे.

२१ नोव्हेंबर, सकाळ
गाढ झोप लागली. स्वप्न नाही. काहीच नाही.
नाश्त्याला रेणू पावावर लोणी लावत म्हणाली, आजा आला होता रात्री. इथे, खोलीत. तुमच्या पलंगाशी बसून होता, बराच वेळ. मी विचारलं, मला उठवायला काय झालं होतं? ती म्हणाली, ती उठवणारच होती, पण आजाच म्हणाला, "राहू दे, झोपून राहिला तं झोपू दे त्याले."
मी घोरत होतो म्हणे.